हा दिवा कोणी लावला?

फोटोग्राफी शिकायला लागलं की पहिला शब्द कानावर पडतो तो कॅन्डिड. क्षण पकडा, समोरच्याला कळू देऊ नका, सांगून उभं केलं की गेला फोटो. मला हे कधीच पूर्ण पटलं नव्हतं, पण का पटत नाही ते धड सांगताही यायचं नाही, कारण मला आवडणारे बहुतेक फोटो रस्त्यावर पकडलेलेच असायचे. मग लायब्ररीत ग्रेगरी क्रूडसनचं एक भलंमोठं पुस्तक हाती लागलं आणि माझं फोटो बघणं बदललं. काढणं बदलायला अजून बराच वेळ गेला, ते चालूच आहे. आज त्याच्याबद्दल आणि त्याच्यासारख्या इतरांबद्दल लिहायचंय. सेट लावून, लाइट लावून, माणसं बसवून, सिनेमातला सीन शूट करावा तशी सगळी तयारी करणारे आणि शेवटी एकच फ्रेम देणारे लोक.

क्रूडसन अमेरिकन, १९६२ चा जन्म, ब्रुकलिनमध्ये वाढलेला. वडील सायकोअ‍ॅनालिस्ट होते आणि त्यांचे पेशंट घराच्या तळघरातच यायचे, तर हा लहानपणी वरच्या मजल्यावर जमिनीला कान लावून खाली काय बोलणं चाललंय ते ऐकायचा प्रयत्न करायचा. ही गोष्ट त्याने स्वतःच बऱ्याच मुलाखतींमध्ये सांगितलीये, आणि मला वाटतं त्याचं निम्मं काम त्यातच आहे. त्याच्या फोटोत आपल्याला घर दिसतं, भिंत दिसते, खिडकीतला उजेड दिसतो, आत काहीतरी मोठं घडून गेलंय हे लख्ख कळतं, पण बोलणं ऐकू येत नाही. दहा वर्षांचा असताना, १९७२ मध्ये, वडील त्याला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये डायेन आर्बस या फोटोग्राफरचं प्रदर्शन बघायला घेऊन गेले होते. पुढे तो येल युनिव्हर्सिटीत शिकला आणि तिथेच वर्षानुवर्षं शिकवतोय.

त्याचं गाजलेलं काम म्हणजे 'ट्वायलाइट' (१९९८ ते २००२) आणि 'बिनीथ द रोझेस' (२००३ ते २००८). दुसऱ्या सिरीजमधले बरेच फोटो मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड, नॉर्थ अ‍ॅडम्स अशा गावांमधले आहेत, कारखाने बंद पडल्यावर सुस्तावलेली गावं. तिथे तो रस्ता बंद करून घ्यायचा, क्रेनवरून लाइट सोडायचा, रस्ता ओला करायचा म्हणजे दिव्यांचं रिफ्लेक्शन मिळतं, धूर सोडायचा, आणि हे सगळं कशासाठी तर संध्याकाळच्या त्या थोड्याशा मिनिटांसाठी जेव्हा आकाश अजून पूर्ण काळं झालेलं नसतं आणि घरातले दिवे दिसायला लागलेले असतात. कॅमेरा ८ बाय १० इंचाच्या फिल्मचा. शटर तो स्वतः दाबतच नाही, त्याच्याकडे कॅमेरा ऑपरेटर असतो, लाइटिंगसाठी डायरेक्टर ऑफ फोटोग्राफी असतो, आणि हा सेटवर उभा राहून नुसता बघत असतो. एकाच जागेवरून खूप निगेटिव्ह काढायच्या आणि नंतर त्यातले चांगले भाग जोडून शेवटची इमेज बनवायची. त्यामुळे त्याच्या फोटोत पुढच्या टेबलापासून मागच्या रस्त्यावरच्या गाडीपर्यंत सगळं सारखंच शार्प असतं. आपल्या डोळ्याला जग असं कधीच दिसत नाही, आपण एका वेळी एकाच गोष्टीवर फोकस करतो, आणि म्हणूनच ते फोटो बघताना थोडं अस्वस्थ व्हायला होतं, नक्की कुठे बघायचं हे फोटो सांगतच नाही.

एक फोटो घेऊया. 'ट्वायलाइट'मधला, २००१ चा, लोक त्याला ऑफेलिया म्हणून ओळखतात. साधी बैठकीची खोली, सोफा, दिवे, वर जाणारा जिना. आणि पूर्ण खोलीत पाणी भरलंय. काळं, आरशासारखं, अजिबात न हलणारं. त्यात एक बाई झोपायच्या पांढऱ्या कपड्यात पाठीवर तरंगतेय, डोळे उघडे. हा सेट आहे, खरं घर नाही. नाव अर्थातच शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधल्या बुडून मेलेल्या ऑफेलियावरून, आणि मिले या इंग्लिश चित्रकाराचं १८५१-५२ चं चित्रही त्यामागे आहे. (त्या चित्रासाठी एलिझाबेथ सिडल ही मॉडेल पाण्याने भरलेल्या बाथटबमध्ये पडून राहायची, पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे लावलेले, ते एकदा विझले आणि ती आजारी पडली. तरंगणाऱ्या बाईला असं मुद्दाम मांडून बघणं क्रूडसनच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.)

पहिल्यांदा माझी नजर चेहऱ्यावरच गेली होती, सगळ्यांची जात असणार. पण नंतर मी जिन्यात अडकले. पायऱ्यांवर तिच्या सपाता आहेत. म्हणजे ती वाहून आलेली नाही, ती जिन्यावरून स्वतःच्या पायांनी खाली आली, सपाता काढल्या आणि मग पाण्यात उतरली. हे कोणी सांगितलं नाही, सपातांनी सांगितलं. आणि दिवे चालू आहेत. खिडकीतून बाहेरचा उजेड आत येतोय आणि घरातले दिवे अजूनही चालू आहेत, म्हणजे ते रात्री कधीतरी लावले गेले आणि बंद करायला कोणी गेलंच नाही. एक अख्खी रात्र त्या दिव्यांमध्ये आहे. बाई काहीच करत नाहीये, चेहऱ्यावर ना रडणं ना भीती, जी काय गोष्ट आहे ती सगळी वस्तूंनी आणि उजेडाने सांगितलीये.

तिथून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला तो आजपर्यंत निघालेला नाही: हा दिवा कोणी लावला?

म्हणजे असं की आम्हाला लाइटिंग शिकवतात ते चेहऱ्यासाठी शिकवतात. की लाइट म्हणजे मुख्य उजेड, फिल लाइट म्हणजे सावली हलकी करणारा, मागून कडा उजळणारा रिम लाइट, गालावर उजेडाचा त्रिकोण पडला की रेम्ब्रॅंट लाइटिंग झालं. हे सगळं यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात लाइट कुठून येतोय याला फ्रेमच्या आत काही कारण नसतं, तो फोटोग्राफरने लावलेला असतो, बस. सिनेमावाले असं करत नाहीत. त्यांच्याकडे खिडकी असते, टेबल लॅम्प असतो, रस्त्यावरचा खांब असतो, आणि कितीही मोठा लाइट बाहेर उभा केला तरी तो त्या खिडकीतून आल्यासारखा, त्या खांबाचा असल्यासारखा वाटला पाहिजे. मग आपोआप पुढचे प्रश्न येतात. पॅसेजमधला दिवा चालू आहे तर तिकडे कोण गेलंय? बाथरूमच्या दाराखाली उजेडाची फट आहे तर आत कोणी आहे का कोणी घाईत निघून गेलं? गाडीचं दार उघडं आहे आणि आतला छोटा दिवा जळतोय, किती वेळापासून? एकेका दिव्याला असं विचारत गेलं की गोष्ट वेगळी लिहावी लागत नाही.

आता प्रॅक्टिकल. माझ्याकडे क्रेन नाही, क्रू नाही, एक ट्रायपॉड, एक स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश) आणि वेळ देणारी मैत्रीण आहे. एवढ्यावर बरंच काही होतं, आणि हे कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संध्याकाळी घरातल्या दिव्याचा उजेड तेवढाच राहतो आणि बाहेरचं आकाश मिनिटामिनिटाला उतरत जातं. सुरुवातीला खिडकी पांढरीफटक जळलेली दिसते, शेवटी काळी ठिक्कर. मधे थोडा वेळ असा येतो की दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात, तेव्हा कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) पिवळ्या बल्बच्या जवळ, म्हणजे ३२०० ते ४००० केल्विनच्या आसपास ठेवला की बल्ब जवळजवळ नॉर्मल दिसतो आणि बाहेरचं सगळं निळं होतं. क्रूडसनचा तो निळा म्हणजे मोठा हिस्सा हाच आहे, एडिटिंगमधला फिल्टर नाही. म्हणून तयारी दुपारपासून करायची, फ्रेम लावून ठेवायची, फोकस लॉक करायचा आणि मग ट्रायपॉडला हात लावायचा नाही.

टेबल लॅम्पचा बल्ब फोटोत दिसायला छान पण चेहऱ्यावर त्याचा उजेड पुरत नाही, तर लॅम्पच्या शेडमध्येच स्पीडलाइट लपवायचा आणि त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायची, म्हणजे तो बल्बच्याच रंगाचा होतो. फ्लॅशचा उजेड अपर्चरने आणि फ्लॅशच्या पॉवरने कमी-जास्त होतो, शटर स्पीडने फक्त फ्लॅशशिवायचा, बाहेरचा अ‍ॅम्बियंट बदलतो, हे एकदा हातात बसलं की दोन्ही वेगवेगळे सांभाळता येतात. आणि एकच फ्लॅश असेल तर तो जागा बदलून परत परत मारायचा, एक फ्रेम लॅम्पची, एक फ्रेम पॅसेजची, एक फ्रेम दाराच्या फटीची, कॅमेरा तसाच. नंतर फोटोशॉपमध्ये सगळे लेयर एकावर एक ठेवून ब्लेंड मोड लाइटन केला की प्रत्येक फ्रेममधला उजळ भाग वर येतो, उरलेलं मास्कने साफ करायचं. मोठे लोक निगेटिव्ह जोडून जे करतात त्याचंच हे घरगुती रूप. एक गोष्ट मात्र पाळायची, माणूस एकाच लेयरमध्ये घ्यायचा, नाहीतर हाताची दोन बोटं इकडे आणि तीन तिकडे होतात.

माणसाला काय सांगायचं हा भाग सगळ्यात अवघड आहे आणि त्याबद्दल मला अजून शिकायचंय. मैत्रिणीला "तू दुःखी आहेस" असं सांगितलं की ती दुःखी चेहरा करते, आणि तो फोटो लगेच नाटकाच्या पोस्टरसारखा होतो. "तू काहीच करू नकोस" सांगितलं की ती कॅमेऱ्यासमोर काहीच न करणारी मुलगी होते, ते अजून वाईट. मला आत्तापर्यंत चाललेली एकच गोष्ट म्हणजे अर्धवट काम देणं. एक बूट घातलाय, दुसरा हातात आहे, आणि तुला आठवत नाहीये की तू कुठे निघाली होतीस. हे सांगितल्यावर तिने विचारलं, "मग मी आठवायचा प्रयत्न करू का?" मी म्हटलं कर. तर ती खरंच विचार करायला लागली, नजर खाली गेली पण बुटावर नाही, बुटाच्या जरा पलीकडे, खांदा थोडा पडला, आणि त्या अर्ध्या मिनिटात जे मिळालं ते मी सांगून कधीच करवून घेऊ शकले नसते. सगळं ठरवलेलं होतं, लाइट, बूट, बेडशीटचा रंग, दार किती उघडं ठेवायचं. पण हे सगळं ठरवायचं ते त्या न ठरवता येणाऱ्या खांद्यासाठी, असं मला आता वाटतं. क्रूडसन एवढा फौजफाटा घेऊन येतो तेही बहुतेक यासाठीच.

पण नुसता क्रूडसन बघितला तर एक धोका आहे. संध्याकाळ, निळा उजेड, धूर, अंतर्वस्त्रात उभी असलेली उदास बाई, शून्यात नजर. हा साचा झालाय आणि ऑनलाइन तर त्याचा महापूर आहे. एवढंच काय, त्याच्या स्वतःच्या काही फोटोंमध्ये पण मला तो साचा दिसतो, माणूस जणू प्रॉपसारखा ठेवलेला. म्हणून जेफ वॉल बघणं फार गरजेचं आहे.

वॉल कॅनडातल्या व्हॅंकूव्हरचा, १९४६ चा जन्म. बस स्टॉपवरच्या आतून उजळलेल्या जाहिराती बघून त्याला सुचलं की आपले फोटो पण असेच मोठ्या ट्रान्सपरन्सीवर (पारदर्शक फिल्मवर), मागून लाइट देऊन लावायचे. तो सांगतो की त्याची सुरुवात फोटो न काढण्यापासून होते. म्हणजे रस्त्यावर काहीतरी दिसतं, तो तेव्हा कॅमेरा काढत नाही, ते डोक्यात राहू देतो आणि नंतर माणसं घेऊन ते परत उभं करतो. १९८२ चा 'मिमिक' असाच. फुटपाथवरून एक गोरा पुरुष मैत्रिणीचा हात धरून चाललाय, बाजूने एक आशियाई माणूस जातोय, आणि तो गोरा एका बोटाने स्वतःच्या डोळ्याची कड ओढून त्याला चिडवतोय. वॉलने असा प्रकार रस्त्यावर खरोखर बघितला होता. भर दिवसाचा ऊन पडलेला रस्ता, धूर नाही, निळं काही नाही, दिवसाढवळ्या केलेला एक घाणेरडा इशारा. स्ट्रीट फोटोग्राफरला हा क्षण मिळाला असता तरी तो जेमतेम, एका कोपऱ्यात, ब्लर मिळाला असता. वॉलने तो जवळजवळ माणसाच्या उंचीचा करून समोर ठेवला की आता बघा, नजर चुकवू नका. कॅन्डिड म्हणजे खरं आणि मांडलेलं म्हणजे खोटं असं म्हणणाऱ्यांना मी हाच फोटो दाखवते.

माझ्या दिव्याच्या प्रश्नाचं सगळ्यात जबरदस्त उत्तर पण वॉलकडेच आहे. राल्फ एलिसनच्या 'इनव्हिजिबल मॅन' या कादंबरीच्या सुरुवातीला निवेदक एका तळघरात राहतो आणि चोरून वीज घेऊन त्याने तिथे १,३६९ बल्ब लावलेत. वॉलने १९९९-२००० मध्ये ते तळघर बांधलं, छतभर बल्ब लटकवले, खाली कपडे, भांडी, पसारा, आणि मधे पाठमोरा बसलेला माणूस. ज्या काळ्या माणसाला समाज बघायलाच तयार नाही त्याने स्वतःला दिसावं म्हणून हे दिवे लावलेत. इथे लाइटिंग म्हणजेच विषय आहे. हा फोटो बघितल्यावर मी एका असाइनमेंटमधला रिम लाइट सरळ काढून टाकला, त्याला तिथे असायचं काही कारणच सापडेना.

फिलिप-लोर्का डिकोर्सिया या अमेरिकन फोटोग्राफरचं एकच सांगते. १९७८ चा 'मारिओ', त्याचा भाऊ रात्री फ्रीज उघडून आत बघतोय. घरातल्या कोणीही काढलेला वाटेल असा फोटो. पण फ्रीजच्या आत फ्लॅश लपवलेला आहे आणि सगळं नीट मांडून केलेलं आहे. इतकं साधं, पण उघड्या फ्रीजसमोर उभं राहून आपण नक्की काय शोधत असतो ते त्या चेहऱ्यावर आहे.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं पैसेवाल्यांचं काम आहे त्यांनी सिंडी शर्मन बघावी. १९७७ ते १९८० मध्ये तिने 'अनटायटल्ड फिल्म स्टिल्स' केले, ब्लॅक अँड व्हाइट, छोटे, सिनेमाच्या पब्लिसिटीचे फोटो असतात तसे, सगळ्यात तीच, विग आणि कपडे बदलून, आणि यातला एकही सिनेमा अस्तित्वात नाही. त्यातली एक मुलगी रस्त्याच्या कडेला सुटकेस ठेवून पाठमोरी उभी आहे, हात मागे बांधलेले. चेहरा नाही, लाइटिंगचा थाट नाही. तरी पुढची गाडी कोणाची येणार याची काळजी आपल्याला लागते. आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी 'फँटम लेडी ऑर किस्मत' (१९९६ ते ९८) मध्ये मास्क लावून स्वतःच हिरॉइन होऊन असंच काहीतरी केलं, आणि नंतर क्लेअर आर्नीबरोबर राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीसारखी चित्रं स्वतःला त्यात घालून पुन्हा उभी केली. त्यांचं काम आमच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच यायला हवं असं मला मनापासून वाटतं, ते येत नाही.

एका सरांनी क्रिटिकला, म्हणजे वर्गात काम दाखवून चर्चा होते तेव्हा, मला विचारलं होतं की हे सगळं बनवलेलं आहे, मग यात फोटोग्राफी कुठे आहे. प्रश्न वाईट हेतूने नव्हता. पण फोटोग्राफी जगाला जाहीर झाली १८३९ मध्ये आणि १८४० मध्ये इपोलित बायारने स्वतःला बुडून मेलेला दाखवणारा फोटो काढून झाला होता, कारण फोटोग्राफीच्या शोधाचं श्रेय आणि मान दागेरला मिळाला आणि, स्वतःची पद्धत शोधूनही, बायारला नाही. १८५८ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मरणाला टेकलेल्या मुलीचा 'फेडिंग अवे' केला तेव्हा लोक हादरले, इतकं दुःखद दृश्य फोटोत दाखवायचं का म्हणून टीका झाली. म्हणजे मांडून केलेला फोटो ही नंतर आलेली फॅशन नाही, पहिल्यापासूनच आहे. आणि माझ्या फोटोत जी मुलगी बसलीये तिला माहितीये की तिचा फोटो निघतोय, कशासाठी निघतोय, फायनल इमेज तिने बघून हो म्हटलंय. रस्त्यावर नकळत टिपलेल्या किती लोकांना हे मिळतं? मी स्ट्रीट सोडलेलं नाही, कॅमेरा घेऊन फिरतेच, पण आता बऱ्याचदा कॅमेरा बॅगेतच राहतो आणि वहीत लिहिलं जातं, कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून होता, हातात काय होतं.

सध्या त्या वहीतलं एक पान डोक्यात आहे. पार्क केलेली गाडी, आत ड्रायव्हरच्या सीटवर एक वयस्कर बाई, इंजिन बंद, मागच्या सीटवर कोणाचा तरी मोठा कोट नीट घडी घालून ठेवलेला, आणि ती स्टीअरिंगवर हात ठेवून बसली होती, निघत नव्हती. मैत्रिणीच्या आईने बसायला होकार दिलाय. धूर वापरणार नाही. गाडीच्या आतला दिवा चालू ठेवायचा का हे अजून ठरत नाहीये, चालू ठेवला तर नुकतंच कोणीतरी उतरून गेलं असं होतं, बंद ठेवला तर ती बराच वेळ एकटीच बसलीये असं होतं, आणि या दोन वेगळ्या बायका आहेत. दोन्ही काढून बघणार आहे.